जोडीदाराने कॅफिनची गोळी घेतली आणि माझा तिसरा नंबर गेला. ही चीटिंग आहे का?

पत्र थोडक्यात: लिहिणारा सोलापूरचा, वय २७, वजन ६४ किलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, शिफ्टची ड्युटी. चार वर्षांपासून सायकलिंग करतो. फेब्रुवारीत ४० किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाशी लावायची रेस) २२ सेकंदांनी चौथा आला. तिसरा आला तो त्याचाच रोजचा प्रॅक्टिसचा जोडीदार. नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं की जोडीदाराने स्टार्टच्या तासभर आधी २०० मिलिग्रॅम कॅफिनची गोळी घेतली होती. पत्रलेखकाने फिटनेससाठी चहासुद्धा सोडलाय. त्या दिवशी त्याने पुण्याच्या मित्राकडून आणलेली कार्बनची डीप रिम चाकं (खोल कड्यांची, वारा कापणारी) लावली होती, तरी नंबर गेला याचं त्याला जास्त वाईट वाटतंय. तो विचारतो, आयोजकांकडे तक्रार करू का? का मी पण गोळी सुरू करू? वडील म्हणतात, गोळी घेऊन जिंकलास तर त्यात तुझं काय? आणि ग्रुपमधला १६ वर्षांचा एक मुलगा आता विचारायला लागलाय, दादा मी पण घेऊ का.

उत्तर:

भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हा कॅफिनचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की निम्म्याच्या वर प्रश्न जोडीदाराचा आहे. पण तू विचारलंयस कॅफिनचं, तर आधी तेच बोलू, आणि तुला बरं वाटावं म्हणून काही गोड गोड सांगणार नाही.

कॅफिनने फरक पडतो का? पडतो. खेळात जी कायदेशीर सप्लिमेंट्स मिळतात त्यातल्या बहुतेकांचा उपयोग जाहिरातीपुरताच असतो, पण कॅफिन हे त्या मोजक्या गोष्टींपैकी आहे ज्यांच्या मागे चाळीस-पन्नास वर्षांचं काम आहे. १९७८ सालीच कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंना ३३० मिलिग्रॅम कॅफिन देऊन दमेपर्यंत पेडल मारायला लावलं होतं, कॅफिनशिवाय साधारण ७५ मिनिटं टिकलेले लोक कॅफिन घेऊन ९० मिनिटं टिकले. आता दमेपर्यंत पेडल मारणं वेगळं आणि रेस वेगळी, म्हणून हा आकडा बघून हुरळून जायचं नाही. टाइम ट्रायलसारख्या प्रकारात नंतर जे अभ्यास झाले त्यात सरासरी फायदा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येतो. तुझा टाइम १ तास ६ मिनिटं असं तू लिहिलंयस, त्याचे दोन टक्के म्हणजे जवळपास ८० सेकंद. तुझा नंबर गेला २२ सेकंदांनी. म्हणजे हो, त्या गोळीने ते २२ सेकंद दिलेले असू शकतात, ते मी नाकारत नाही.

पण "असू शकतात" आणि "दिले" यात फरक आहे, आणि तू पत्रात थेट "त्या गोळीमुळे माझा नंबर गेला" असं लिहून मोकळा झालायस. होटगी रोडला वारा कसा फिरतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. टाइम ट्रायलमध्ये एकेकाला मिनिटा-मिनिटाने सोडतात, तुझ्या वेळेला समोरून वारा आला आणि त्याच्या वेळेला पडला तर २२ सेकंद तिथेच गेले. वळणावर ब्रेक जरा लवकर दाबला, शेवटच्या पाच किलोमीटरला मान वर करून बसलास, आदल्या रात्री झोप कमी झाली, काहीही. आदल्या दिवशी तुझी सेकंड शिफ्ट होती आणि घरी यायला रात्रीचे साडेबारा झाले हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलायस. मी तर तिथेच थांबलो, कारण मला ती ओळ गोळीपेक्षा मोठी वाटते. सकाळी साडेसहाची रेस आणि रात्री साडेबाराला घरी, म्हणजे झोप मिळाली किती? पाच तास पण नाही.

आता हे चालतं कसं ते थोडं समजून घे, कारण "ताकदीची गोळी" असा जो समज आपल्याकडे आहे त्यातूनच निम्मी भांडणं होतात. आपण जागे असतो, काम करतो, तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की थकवा, झोप जाणवते. कॅफिनचा आकार त्याच्याशी मिळताजुळता असल्यामुळे ते आधीच जाऊन ती जागा अडवतं, मग थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे त्यातून इंधन मिळत नाही, पायात नसलेली ताकद येत नाही, तेवढ्याच वॅटला, म्हणजे पेडलवरच्या तेवढ्याच जोराला, तुला कमी त्रास वाटतो आणि म्हणून तू थोडा जास्त जोर लावतोस. पाय तुझेच, प्रॅक्टिस तुझीच. वडिलांना हे जरूर सांग, त्यांचं मत बदलेलच असं नाही, पण "गोळीने जिंकला" हे वाक्य त्यांच्या डोक्यात जसं बसलंय तसं ते नाही एवढं तरी कळेल.

आणि यात मनाचा भाग किती मोठा आहे बघ. २००६ चा एक छोटा अभ्यास आहे, मोजकेच सायकलपटू होते, त्यांना १० किलोमीटरच्या टाइम ट्रायलआधी कॅप्सूल दिल्या आणि सांगितलं की यात कधी काहीच नाही, कधी मध्यम कॅफिन आहे, कधी भरपूर आहे. खरं तर एकाही कॅप्सूलमध्ये कॅफिन नव्हतं. तरी ज्या दिवशी "भरपूर आहे" असं वाटलं त्या दिवशी ते सुमारे तीन टक्के जास्त जोराने गेले, आणि "काहीच नाही" असं वाटलं त्या दिवशी मंदावले. उगाच सांगत नाहीये हे. पुढच्या रेसला तू "त्याने घेतलीय, मी नाही" हे डोक्यात ठेवून स्टार्टला उभा राहिलास तर ते तुलाच मागे ओढणार आहे.

तक्रारीचं एका ओळीत उत्तर: करू नकोस, कारण नियम मोडलेलाच नाही. पण नियम असा का आहे हे कळल्याशिवाय तुझं समाधान होणार नाही, म्हणून थोडं मागे जातो. कॅफिन एकेकाळी खरंच बंदीच्या यादीत होतं. १९८४ पासून ऑलिम्पिक समितीने लघवीत किती कॅफिन चालेल याची मर्यादा घातली होती, नंतर ती मिलिलिटरला १२ मायक्रोग्रॅम होती, आणि त्यात मोठमोठे लोक अडकले. इटलीचा जियानी बुन्यो, १९९१ आणि १९९२ असा लागोपाठ दोनदा रोड रेसिंगचा वर्ल्ड चॅम्पियन झालेला माणूस, १९९४ मध्ये कॅफिनच्याच टेस्टमध्ये सापडला होता. मग १ जानेवारी २००४ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, ज्याला सगळे वाडा म्हणतात, कॅफिन यादीतून काढून टाकलं. कारण तेवढीच कॉफी पिऊन एकाच्या लघवीत जास्त येतं, दुसऱ्याच्या कमी, कुणी नुसता कॉफीबाज म्हणून अडकायचा आणि कुणी मुद्दाम हिशोबाने घेऊन सुटायचा, शिवाय फायदा तर त्या मर्यादेच्या कितीतरी खालच्या डोसलाच मिळत होता. म्हणजे नियम धड रोखतही नव्हता आणि धड न्यायही देत नव्हता.

काढलं म्हणून डोळे मिटलेत असं नाही. कॅफिन आजही त्यांच्या निगराणीच्या यादीत आहे, नमुन्यांत किती सापडतं ते बघतात. २००४ ते २००८ मधले वीस हजारांवर नमुने तपासले तर चारातल्या जवळपास तिघांच्या लघवीत कॅफिन होतं आणि सायकलिंग, ट्रायथलॉन, रोइंग अशा दमाच्या खेळांत त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. म्हणजे तुझ्या जोडीदाराने काही चोरीचा रस्ता शोधून काढलेला नाही, जगभरचे लोक उघड घेतात. आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीचं बघ, सायकलिंगमध्ये तिचा वापर फार वाढला, गुंगी, पडणं, सवय लागणं हे धोके दिसले, तेव्हा यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, २०१९ मध्ये रेसमध्ये ती बंद केली आणि २०२४ पासून वाडानेही केली. म्हणजे बंद करायचं ठरलं की करतात. कॅफिनबद्दल विचार करून उलटा निर्णय झालाय, तो तुला पटो न पटो.

आता जरा टोचेल असं विचारतो, राग मानू नकोस. तू त्या दिवशी कार्बनची डीप रिम चाकं लावली होतीस. मागून आणलेली का होईना, पण ती चाकं घ्यायला गेलास तर लाखाच्या घरात किंमत जाते. तुझा जोडीदार साध्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर होता, हे तूच लिहिलंयस. ४० किलोमीटरला चांगल्या एअरो चाकांनी सेकंदं वाचतात म्हणून तर लोक एवढे पैसे घालतात. मग २०० मिलिग्रॅमची गोळी, जी काही रुपयांना पडते आणि मेडिकल स्टोअरपासून ऑनलाइनपर्यंत कुणालाही मिळते, ती अन्यायाची आणि पुण्याला ओळख असल्यामुळे मिळालेली चाकं न्यायाची, असं कसं ठरलं? तू चुकलास असं मी म्हणत नाही. चाकं नियमात आहेत, गोळी पण नियमात आहे. फक्त अंगात गेलं ते अशुद्ध आणि सायकलला लावलं ते शुद्ध, ही रेघ आपल्या मनाने ओढलेली आहे, खेळाच्या नियमांनी नाही. चहा सोडल्यामुळे तुला ती जास्त ठळक दिसते, ते समजू शकतं, एवढा मोह आवरून माणूस चौथा येतो तेव्हा जिवाला लागतंच. पण चहा न पिणं ही तुझी शिस्त आहे, दुसऱ्याला लागू होणारा नियम नाही.

मग घ्यायची का? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. नाही घ्यायचं ठरवलंस तर ते पूर्ण मान्य, वडिलांच्या शब्दाला मान देऊन नाही घेतलीस तरी उत्तम. फक्त मग प्रत्येक निकालानंतर "मी घेत नाही म्हणून" असं म्हणायचं नाही, कारण निवड तू केलीस. आणि घ्यायचं ठरवलंस तर रेसच्या दिवशी पहिल्यांदा अजिबात नाही. तू चहा पण पीत नाहीस, तुला थोड्यानेही हात थरथरणं, धडधड, पोट बिघडणं होऊ शकतं.

डोसचं असं आहे की अभ्यासांत किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम सांगतात, तुझ्या ६४ किलोला ३ च्या हिशोबाने १९२ येतात, म्हणजे ती २०० ची गोळी तुझ्यासाठी सुरुवात नाही, पूर्ण डोस आहे. तू १०० च्या आसपास सुरू कर, किंवा गोळी सोड आणि कॉफी घे. टपरीच्या छोट्या चहात ढोबळमानाने २०-३० मिलिग्रॅम, चमचाभर इन्स्टंट कॉफीत ६० च्या आसपास, आणि उडप्याकडच्या कडक फिल्टर कॉफीत त्याहून जास्त, पण तिथे डिकॉक्शन किती घातलं त्यावर आहे सगळं. किलोमागे ९ मिलिग्रॅमपर्यंत नेलं तर फायदा वाढत नाही, त्रास तेवढा वाढतो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने निरोगी मोठ्या माणसासाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हटलंय, त्या आतच राहा. वेळ म्हणशील तर स्टार्टच्या पाऊण ते एक तास आधी.

सगळ्यांना सारखंच लागू पडतं असंही नाही. २०१८ मध्ये १०१ पुरुष खेळाडूंवर १० किलोमीटर सायकलिंगचा अभ्यास झाला, त्यात सीवायपी१ए२ नावाच्या जनुकाच्या एका प्रकाराचे लोक कॅफिनने वेगवान झाले आणि दुसऱ्या प्रकाराचे थोडे लोक किलोमागे ४ मिलिग्रॅमवर चक्क १३-१४ टक्के मंदावले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत एवढा फरक आलेला नाही, म्हणून जनुकाची टेस्ट करायला पैसे घालवू नकोस, पण स्वतःवर करून बघितल्याशिवाय विश्वासही ठेवू नकोस. करून बघायचं कसं तर एकच रस्ता, एकच वेळ, १५-२० किलोमीटर जोरात, आणि कॅप्सूलमध्ये कॅफिन आहे की नाही हे दुसऱ्याने ठरवायचं, तुला सांगायचं नाही. असे काही रविवार करून मग वही बघायची. फक्त गाळपाचा हंगाम संपू दे रे बाबा, सध्या त्या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्या मागे लाइट-रिफ्लेक्टर नसताना अंधारात जातात, आणि टाइम ट्रायलच्या पोझिशनमध्ये मान खाली असते. उजेड झाल्याशिवाय निघू नका. आणि एप्रिल-मे मध्ये हा प्रयोग नको. आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, अंग तापलेलं असताना शरीर थांब म्हणतं ते ऐकू आलं पाहिजे.

झोपेकडे परत येतो, कारण तुझ्यासारखे शिफ्टवाले बरेच जण हे वाचतील. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलं तरी झोप तासाभराने कमी झाली असं एका अभ्यासात मोजलंय. सेकंड शिफ्टला तरतरी म्हणून संध्याकाळी कॅफिन, मग रात्री झोप नाही, मग सकाळी रेसला आणखी कॅफिन, या चक्रात अडकलास तर दोन टक्के मिळवायला पाच टक्के घालवशील. रेसच्या आदल्या दिवशी सहकाऱ्याशी शिफ्ट बदलून फर्स्ट घे. तुझ्या जागी मी असतो तर गोळीआधी हे केलं असतं.

काही गोष्टींना मात्र ठाम नाही. सुटी कॅफिन पावडर घरात आणायचीच नाही, शुद्ध पावडरचा एक चमचा म्हणजे २८ कप कॉफीएवढा असं अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध संस्थेने सांगितलंय आणि त्यात माणसं गेली आहेत. जिममध्ये सुट्या डब्यातून मिळणारे प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरी, नको, त्यात कॅफिनबरोबर काय मिसळलंय कळत नाही, मिथाइलहेक्झानामाइनसारखं बंदी असलेलं उत्तेजक अशा पावडरींत सापडलेलं आहे, आणि टेस्ट झाली तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. कॅफिन असतं म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या खाणं तर अजिबात नाही. ज्यांना बीपी आहे, धडधडीचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं, मुलींनी हे लक्षात ठेवा, कुणी सांगत नाही.

त्या १६ वर्षांच्या पोराला सरळ नाही सांग. त्याला दोन टक्क्यांची गरजच नाही, त्याचा टाइम नुसत्या नीट प्रॅक्टिसने, जेवणाने आणि वाढत्या वयाने मिनिटा-मिनिटाने उतरणार आहे. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर मुलांनी घेऊ नये असं छापणं आपल्या एफएसएसएआय या अन्न सुरक्षा संस्थेने सक्तीचं केलंय, लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत, तो कॅन उघडून त्याच्या हातात कुणी देऊ नका. आणि तो ऐकणार तुझ्या शब्दाचं नाही, तू आणि तुझा जोडीदार त्याच्यासमोर काय बोलता, काय खिशातून काढता त्याचं. राइडला निघताना सगळ्यांसमोर गोळ्या काढणं बंद.

राहिला जोडीदार. तुला लागलंय ते हे की रोज पहाटे ज्याच्या मागच्या चाकाला चाक लावून हिप्परग्यापर्यंत जातोस, तुळजापूरच्या घाटात ज्याला ओढून नेलंस, त्याने हे तुला सांगितलं नाही आणि तिसऱ्याकडून कळलं. हे दुःख खरं आहे, आणि ते आयोजकांच्या टेबलावर नेऊन सुटणार नाही. त्याने लपवलं असेलही, किंवा तू चहा सोडलेला माणूस, तू काय म्हणशील या भीतीने बोलला नसेल. मला दुसरं जास्त शक्य वाटतं, कारण चहा न पिणाऱ्यासमोर लोक चहा पण जरा लपवूनच पितात. विचारल्याशिवाय कळणार नाही. व्हॉट्सॲपवर नको, ग्रुपमध्ये तर मुळीच नको. राइड संपल्यावर दोघंच असताना विचार: "गोळीचं मला का नाही सांगितलंस? घेतलीस त्याचं काही नाही, सांगितलं नाहीस त्याचं वाईट वाटलं." एवढंच बोल आणि मग त्याला बोलू दे, मध्ये चाकांचा, शिफ्टचा हिशोब काढू नकोस. पुढच्या रेसपासून कोण काय घेतंय, काय लावतंय ते एकमेकांना आधी सांगायचं असं दोघांत ठरवता आलं तर ठरवा. आणि तो प्रयोग करायचा झाला तर कॅप्सूल हातात देणारा माणूस लागणारच आहे, त्यालाच विचार.